वीतभर उचललेली जीप

शाळेत मी दोनच दिवस गेलो. पहिल्या दिवशी बसायला आणि दुसऱ्या दिवशी विसरलेली चप्पल आणायला. त्यामुळे जे काय शिकलो ते गाडीखाली झोपून शिकलो, आणि त्यातलंही निम्मं उलटं शिकलो.

२०१४ साली मी एक जुनी जीप घेतली. माझ्याआधी तिला तीन मालक झाले होते. शेवटच्याने चावी माझ्या हातात दिली आणि लगेच दोन पावलं मागे सरकला, मी परत देईन की काय म्हणून. ती घेऊन मी उधवा ते तलासरी सीट भरायला लागलो. सकाळी कंपनीत जाणारी माणसं, दुपारी बाजारच्या बाया, संध्याकाळी पुन्हा तीच माणसं, फक्त दमलेली. रविवारीसुद्धा सुट्टी नाही. गाडी थांबली की चूल थांबते, असं काम.

गाडीचे पाटे मी घेतली तेव्हाच बसलेले होते. पाटे म्हणजे धनुष्यासारख्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. सगळी गाडी त्यांच्यावर झुलते. माझ्या गाडीचं धनुष्य पार सरळ होऊन गेलं होतं. सहा माणसं बसली की गाडीचं पोट जमिनीला विचारपूस करायला खाली यायचं. माझंही पोट त्याच वर्षी सुटलं, पण त्याला कोण काय बोलणार.

आमचा पाडा उधव्याच्या मागे, डोंगराच्या अंगाला. पाड्याच्या खाली ओहोळ आहे, आणि ओहोळाच्या मधोमध एक काळा दगड. पाण्यात म्हस बसावी तसा दिसतो, म्हणून त्याला सगळे म्हसच म्हणतात. गाडी काढायची तर एक बाजूची चाकं म्हशीच्या इकडून आणि दुसऱ्या बाजूची तिकडून, याशिवाय वाट नाही. आणि जीपच्या मागच्या धुरीला, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला, मधे जो लोखंडी गोळा असतो, तो बरोब्बर म्हशीच्या पाठीवर जाऊन बसायचा. मी एकदा ती म्हस फोडायला गेलो. घणाचा दांडा तुटला, घण माझ्या पायावर पडला, म्हस तशीच. तेव्हापासून जीप ओहोळाच्या अलीकडे ठेवायची आणि चालत पाड्यावर यायचं, असं चाललं होतं.

चालायला मला काही नव्हतं. पण माझी आय धवलेरी.

आमच्यात लग्न लावायला बामण लागत नाही, धवलेरी लागते. ती येते, भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकासमोर बसते, गाणी म्हणते, देवांना बोलावते, मग लग्न लागतं. ती आली नाही तर नवरा-नवरी हळद लावून नुसती बसून राहतील. आयने किती लग्नं लावली ते तिलाच माहीत नाही. माझंही तिनेच लावलं. बायको अजून म्हणते, त्या दिवशी आयच्या घशाला काय झालं असतं तर बरं होतं.

२०१५ च्या पावसाळ्यात आयचे गुडघे गेले. घरातल्या घरात चालायची, पण पाडा उतरून ओहोळापर्यंत जायचं म्हटलं की दहा ठिकाणी बसायची, आणि वर येताना तर नकोच. २०१६ च्या उन्हाळ्यात तिने दोन लग्नांना नाही म्हणून सांगितलं. त्यातल्या एकाच्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो होतो. आय अंगणात बसून हळू आवाजात ते लग्न घरूनच लावत होती. सगळी गाणी, क्रमाने, एकही न सोडता. मी ऐकलं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. पण ओहोळापर्यंत जाता जाता मी ठरवलं की पुढच्या लग्नसराईच्या आत जीप दारात आली पाहिजे. नाहीतर आयचं गाणं अंगणातच राहणार.

आता गाडी उंच करतात हे मला माहीत होतं. त्याच सुमारास मी एक भाडं घेऊन चिखल्याला गेलो होतो आणि तिथे समुद्राच्या वाळूत मुंबईच्या एका माणसाची जीप बघितली होती. जीप कसली, मचाण होतं. तिच्याखालून शेळी मान न वाकवता गेली असती. माणूस चांगला होता. मी खाली वाकून बघायला लागलो तर तोही माझ्या बाजूला वाकला आणि काय काय दाखवायला लागला. नवे पाटे, लांब शॉकअप, सगळं एका खोक्यात येतं म्हणे. मी किंमत विचारली. त्याने सांगितली. मी म्हटलं, शेठ, तेवढ्यात माझी गाडी दोनदा आली असती. तो हसला आणि म्हणाला, मी तर फक्त रविवारी चालवतो. मला वाटलं तो श्रीमंती सांगतोय. खरं तर तो कामाची गोष्ट सांगत होता. पण माझं सगळं लक्ष त्या शेळीत.

तिथून डहाणू रोडला स्टेशनजवळच्या पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलतो आणि गिऱ्हाईकाकडे न बघता बोलतो. मी म्हटलं गाडी उचलायचीय, स्वस्तात. त्याने शॅकल काढले. पाट्याच्या टोकाला जे दोन लोखंडी कान लटकतात ते शॅकल. हे कान लांब घातले की गाडी वर उठते. त्याच्याकडे दोन मापं होती, एक नानी आणि एक मोटी, म्हणजे छोटी आणि मोठी.

त्याने विचारलं, "रोज चालवायची का?"

मी म्हटलं, "रोज."

"मग नानी घे."

मी मोटी घेतली. किमतीत फारसा फरक नव्हता, आणि तेवढ्याच पैशात जास्त लोखंड मिळत असेल तर कमी का घ्यायचं, असा माझा हिशेब. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि मोटी कागदात बांधून दिली.

मग तलासरीला हायवेवर पाटेवाल्या चाचाकडे गेलो. त्याचं काम म्हणजे ट्रकचे पाटे. भट्टी, ऐरण, घण, आणि दुकानाभर तुटक्या पाट्यांचा ढीग. चाचा गाडीखाली गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "बेटा, हिला उंच करायची गरजच नाही. हिची कमान बसलीय. तापवून, ठोकून पहिल्यासारखी करून देतो. तीन बोटं उठेल. बस झालं."

तीन बोटं ऐकून माझं तोंड पडलं. डोळ्यासमोर चिखल्याचं मचाण आणि हा म्हणतो तीन बोटं. मी म्हटलं, ट्रकचा पाटा टाकता येईल का आत, एक-दोन? तो म्हणाला, येईल, पण किती उचल पाहिजे ते आधी मोजून आण, अंदाजाने लोखंड घालत नसतात.

मोजायचं कसं? टेप माझ्याकडे होती, पण तिच्यावर दोन बाजूंना दोन वेगळे आकडे, आणि माझं त्या दोघांशीही बोलणं नाही. मग मला अक्कल आली. घरात बायकोने तांदूळ भिजवून, वाटून ठेवले होते. शेजारच्या पाड्यात लग्नाचा चौक काढायचा होता, त्यासाठी. मी त्यातलं अर्धं पातेलं उचललं आणि ओहोळात जाऊन म्हशीच्या पाठीवर लेपलं, चांगलं जाड. विचार असा की गाडी हळूच वरून न्यायची, म्हशीच्या माथ्यापासून खाली जिथपर्यंत गोळ्याने पीठ खरवडलं जाईल, तेवढी गाडी कमी पडते. यात काही चूक नव्हती. माझ्या आयुष्यातला हा एकच विचार असेल ज्यात चूक नव्हती. चूक पुढे झाली.

मी ओहोळात काहीतरी करतोय हे पाड्याला कळलं. पाड्यात बघायला दुसरं काही नसतं, तर सगळे आले. कोणी म्हणे म्हशीचं लग्न लावतोयस का. कोणी म्हणे हळद पण लाव. आणि मी जीपमध्ये बसलो तसे तेही बसले. म्हटलं उतरा, तर म्हणे आम्ही बसलो तर काय बिघडलं, गाडी माणसं न्यायलाच आहे ना? हे मला पटलं. मागे, पुढे, टपावर, फूटबोर्डवर मिळून सतरा माणसं. बायको दारातून पातेलं हातात धरून ओरडत येत होती ती वेगळी, ती बसली नाही.

जीप म्हशीवर गेली, मोठा आवाज झाला, आणि जीप म्हशीवरच बसली. सतरा जणांनी उतरून ढकलली. मग मी म्हशीच्या पाठीवर हात लावून मोजलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पूर्ण वीत. मी सगळ्यांना वीत दाखवली, सगळ्यांनी माना हलवल्या. सतरा माणसांचं वजन त्या मापात बसलंय, हे त्या सतरातल्या एकालाही सुचलं नाही. आणि मला तर नाहीच.

चाचाला वीत दाखवली. त्याने विचारलं, गाडी रिकामी होती की भरलेली? मी छाती काढून म्हटलं, पूर्ण भरलेली. चाचाने माझ्या वितीकडे बघितलं. म्हणाला, तुझी गाडी, तुझी मर्जी. ट्रकचे दोन-दोन जाड पाटे टाकले, वर मोटी शॅकल, जुने लांब शॉकअप कुठूनतरी जमवले. संध्याकाळपर्यंत जीप अशी उभी राहिली की मला तिच्याकडे बघायला मान वर करावी लागली. मला कोणी सांगितलं असतं की आता मुंबईला समुद्रातून जा, तर मी गेलो असतो.

हायवेला लागलो तेव्हा ती ताडासारखी डोलायला लागली. स्टेअरिंग इकडे फिरवावं तर गाडी थोडा विचार करून मग इकडे यायची. खड्डा आला की रिकामी गाडी उडी मारायची, कारण ट्रकच्या पाट्यांना माझं एकट्याचं वजन जाणवतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंपनीतला एक माणूस तलासरीला उतरला तेव्हा त्याच्या डब्यातली डाळ त्याच्या शर्टावर होती.  त्यानंतर तो दुसऱ्या जीपने जायला लागला.

पण म्हस. म्हशीवरून मी असा गेलो जसा मांडवाखालून जातात. गोळा लागला नाही, आवाज नाही, काही नाही. पहिल्यांदा माझी जीप माझ्या दारात उभी राहिली. मी हॉर्न वाजवला. आय बाहेर आली, लुगडं नीट केलं, जीपकडे चालत आली, फूटबोर्डकडे बघितलं. फूटबोर्ड तिच्या मांडीच्या वर.

तिने एक पाय उचलायचा प्रयत्न केला. गुडघा जेवढा वर येत होता तेवढा आला, तिथेच थांबला. मी म्हटलं, मी उचलून ठेवतो. ती म्हणाली, "मी पोतं नाय." तिपाई आणली तर आमचं अंगण उताराचं, तिपाई डुगडुगली, आयने माझा खांदा धरला आणि खाली उतरून सांगितलं की आता यावर चढणार नाही. बा ओट्यावर बसून विडी ओढत होता. तो म्हणाला, "आधी गाडी दारात येत नव्हती, आता दार गाडीत येत नाय." मग तो हसला नाही, तेच जास्त लागलं.

आणि दोन दिवसांनी उधव्याच्या पलीकडे लग्न होतं. त्या घरी मी स्वतः छाती ठोकून सांगून आलो होतो, या वर्षी आय येणार, दुसरी धवलेरी बघू नका.

दोन रात्री मला झोप नाही. पाटे काढायला वेळ नाही, चाचा गावाला गेलेला. लग्नाच्या सकाळी पाड्यातली वऱ्हाडी माणसं अंगणात जमली, तीच ती, म्हशीवर बसलेली. आय तयार होऊन ओट्यावर बसलेली, हातात पिशवी. मी जीपभोवती फिरतोय, फूटबोर्डला दोर बांधतोय, सोडतोय. शेवटी आयच बोलली.

"त्या दिवशी ही गाडी खाली बसली होती ना?"

मी म्हटलं, "सतरा जण होते आय, म्हणून."

"मग बसव ना सतरा."

मी बघतच राहिलो. पण माणसं शहाणी, माझ्यासारखी नाहीत, ती चढायला पण लागली. पाच, आठ, बारा. गाडी कुरकुरली आणि हळूहळू खाली आली. टपावर शेवटचे तीन चढले तेव्हा आयने फूटबोर्डवर पाय टाकला, माझ्या खांद्याला हात लावला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. पिशवी मांडीवर. जणू रोज असंच जाते.

माझ्या वितीप्रमाणे भरलेली गाडीही म्हशीला लागायला नको होती, पण आय आत असताना ती वीत खरी धरायला कोणी तयार नव्हतं. मग ओहोळाशी सतराही जण खाली उतरले, गाडी वर उठली, आयला एकटीला घेऊन म्हशीवरून पलीकडे गेली, आणि सगळे पाण्यातून चालत येऊन पुन्हा चढले. उतरणारे कमी उतरले असते तरी चाललं असतं, पण मोजायचं कोणी? माझ्या मोजणीवरून सगळ्यांचा विश्वास उडाला होता.

लग्नघरी पोचलो. सतरा जण उड्या मारून मांडवाकडे पळाले, आणि गाडी पुन्हा वर. आय वरच. घरचे लोक पाणी घेऊन आले, म्हणाले या, उतरा. आय म्हणाली, उतरते, पण आधी तुम्ही चढा. त्यांना कळेना. मी हात जोडून सांगितलं. मग नवऱ्याचा मामा चढला, काका चढले, हळद लागलेला नवरापण चढणार होता, त्याला बायांनी धरला. तारपा वाजवणारा तर वाजवत वाजवत टपावर गेला. गाडी खाली बसली आणि माझी आय शांतपणे पाय टाकून उतरली. अख्खं वऱ्हाड माझ्या गाडीत आणि धवलेरी खाली, अशी वरात त्या गावाने आधी बघितली नव्हती. अजून मला त्या गावात कोणी बघितलं की विचारतात, काय, चढू का?

लग्न लागलं. आयचा आवाज मांडवाबाहेर माझ्यापर्यंत येत होता. मी जीपच्या सावलीत बसून ऐकत होतो. सावली मात्र चांगली मोठी पडत होती, गाडीच तेवढी उंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आय वाटीत तांदळाचं पीठ कालवून अंगणात आली. जीपजवळ उभी राहिली, भिंतीला हात धरून एक पाय जेवढा वर जातो तेवढा उचलला, आणि पायाच्या उंचीला जीपच्या पत्र्यावर बोटाने एक पांढरी रेघ ओढली. म्हणाली, "म्हशीला विचारलंस, आता मला विचार." एवढंच बोलून आत गेली. रेघ फूटबोर्डच्या बरीच खाली होती.

मग मी पुन्हा मोजलं. या वेळी जीप रिकामी, पुढच्या सीटवर फक्त बायको, आयच्या ऐवजी. तिने अट घातली की पीठ तिच्या पातेल्यातलं नको. गोळा आणि म्हस यांच्यात पीठ भरून मोकळी जागा मोजली, गाडी जेवढी उचलली होती त्यातून ती वजा केली, आणि जुन्या पाट्यांच्या उंचीवर म्हस किती लागत होती ते काढलं. दोन बोटं. फक्त दोन बोटं. वीत सगळी त्या सतरा जणांची होती.

चाचा आला तसा मी त्याच्याकडे गेलो आणि खाली बघत सांगितलं, कमान ठोकून दे. त्याने काही ऐकवलं नाही, ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. ट्रकचे पाटे काढले, माझे जुने भट्टीत तापवले, ठोकून ठोकून धनुष्य परत आणलं. तीन बोटं उठली, त्याने सांगितलं होतं तेवढीच. डहाणू रोडला मोटी शॅकल परत करायला गेलो. दुकानदाराने न बघता काउंटरखाली हात घातला आणि नानी काढली. माझ्यासाठी बाजूला ठेवली होती म्हणे, त्याच दिवसापासून. तिने अजून एक बोट दिलं, पाटे पुन्हा बसायला लागतील तेव्हासाठी.

आणि काढलेला ट्रकचा एक पाटा मी चाचाकडून कापून घेतला, वाकवला आणि फूटबोर्डच्या खाली पायरी म्हणून जोडून घेतला, पुढच्या दाराला. आयच्या रेघेला बरोबर. दोन बोल्ट काढले की पायरी वर घडी होते, ओहोळाच्या काठाला लागत नाही. माझ्या गाडीतली हीच एक गोष्ट दुसऱ्या जीपवाल्यांनी बघून करून घेतली. बाजारच्या म्हाताऱ्या बाया आधी विचारायच्या, पायरीवाली कुठाय? डाळवाला माणूसपण परत आला, पण डबा मांडीवर दोन हातांनी धरून बसतो.

गाडी आता दिसायला काहीच नाही. चिखल्याला नेली तर कोणी वळून बघणार नाही. भरलेली असली तर ओहोळाशी माणसांना अजून उतरावं लागतं, पण म्हस ओलांडली की लगेच बसतात, डोंगर चढत नाहीत. आणि आयसाठी रिकामी दारापर्यंत जाते.

२०१७ च्या त्या सराईत आयने एकाही लग्नाला नाही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी पण. बायको मागच्या सीटवर बसायला लागली, सोबत म्हणून. जाताना आय तिला गाणी सांगते, एक ओळ आय, एक ओळ ती, आणि मला दोघी सांगतात की तू गाडीकडे बघ.

रेघ पावसात धुवून जाते. दर वर्षी सराईच्या आधी आय पीठ घेऊन येते आणि नवी ओढते. २०१९ साली ओढली तेव्हा ती पायरीपेक्षा चार बोटं खाली होती. मी बघितलं. संध्याकाळी म्हटलं, आय, गाडी थोडी खाली घेऊ का?

ती म्हणाली, "गाडी नको हलवूस. म्हस लागेल. अजून एक पायरी लाव."

चाचाकडे त्या ट्रकच्या पाट्यांतला एक अजून पडून होता. मी सकाळी तोच घेऊन आलो.